आल्या वाटेचा धवळा

ठाण्याच्या खाडीकाठच्या खारटणात बायजाशिवाय लग्न लागलं असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आगऱ्यांच्या मांडवात भटजी आला तर त्याला पाट मिळे, दक्षिणा मिळे, पण तो आला नाही म्हणून कोणाचं अडत नसे. अडायचं ते लग्नाचे धवळे गाणाऱ्या धवळारणीवाचून. हळद दळायची तरी तिचा धवळा आधी, नवरानवरी समोरासमोर उभी करायची तरी तिचा धवळा आधी. ती गाणार, मग बाकीच्यांनी हात हलवायचे. बायजा तीस वर्षं गात होती. खाडीपलीकडच्या कळव्यापासून थेट कल्याण-डोंबिवलीच्या पाड्यांपर्यंत तिला बोलावणं असे. होडी पाठवा, गाडी पाठवा, ती येई. नुसता निरोप पाठवला तर येत नसे.

गर्व होता तिला, आणि का नसावा? शेकडो ओळी जिला पाठ आहेत आणि त्यातल्या एकीलाही कागदाचा आधार नाही, त्या बाईनं मान खाली घालून चालायचं काही कारण नव्हतं. तिला तिच्या आत्यानं शिकवलं, आत्याला तिच्या सासूनं, आणि शिकवताना प्रत्येकीनं तोच दम भरला होता: धवळ्यातली ओळ बदलायची नाही, गाळायची नाही, आणि एक ओळ झाल्याशिवाय पुढच्या ओळीला हात घालायचा नाही. बायजानं हे तीस वर्षं पाळलं. मग सख्ख्या भावाच्या निवडणुकीनं तिला पेचात धरलं.

सरकारनं नवा कायदा काढला होता. म्युनिसिपालटीत आजवर साहेबानं नेमलेली माणसं बसत. आता काही जण लोकांनीच निवडून द्यायचे असं ठरलं. लोकांनी म्हणजे ज्याचं कौलारू घर आहे आणि घरपट्टी चुकलेली नाही अशा बाप्यांनी. नौपाड्याचा एक तुकडा आणि सगळं खारटण मिळून एक वॉर्ड झाला. नौपाड्याकडून बाळाजीपंत वकील उभे राहिले आणि खारटणातून बायजाचा धाकटा भाऊ, गोपीनाथ भोईर. त्याच्याजवळ स्वतःचं लहानसं मिठागर होतं, सहीपुरतं अक्षर होतं, आणि आवाज असा होता की भरतीच्या वाऱ्यातही पलीकडच्या बांधावर ऐकू जावा. आगऱ्याचं पोर म्युनिसिपालटीच्या खुर्चीत बसणार, या नुसत्या विचारानं बायजाची छाती फुगायची. बाजारात कोळणीशी घासाघीस करतानाही 'माजा गोपी हुबा रायलाय' हे सांगितल्याशिवाय तिची पाटी भरत नसे.

पण छाती फुगवून निवडणूक जिंकता येत नाही, हे तिला गोपीनाथाच्या आधी कळलं. एका दुपारी तिनं ओट्यावर चिंचोके मांडले. पन्नास नौपाड्याचे, ते सगळे पंतांचे. अडतीस आगऱ्यांचे. आणि बाजूला, जरा लांब, बावीस.

हे बावीस म्हणजे घाटावरचे. धाता सालच्या दुष्काळात घाट उतरून माणसांचे लोंढे आले होते. त्यातली काही कुटुंबं खारटणाच्या कडेला झोपड्या घालून राहिली, मिठागरांवर राबली, आणि आठ-नऊ वर्षांत त्यांतल्या बावीस घरांवर कौलं चढली. खारटणात त्यांना सरसकट घाटी म्हणत, आणि म्हणताना नाक मुरडत. बायजाही मुरडायची. खोटं कशाला बोला?

"बाय, रघू आलता," गोपीनाथ खांबाला टेकत म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बायच म्हणे.

रघू म्हणजे मिठागरांवरचा मुकादम, आणि आता त्यांचा होणारा व्याही. गोपीनाथाचा आनंदा आणि रघूची जया यांचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. अडतीस घरं रघूच्या शब्दाबाहेर नव्हती.

"काय बोलतं तुजा याही?"

"बोलतं, जयाच्या मांडवान सगल्यांसमोर उठून सांग, का निवडून आयलो त घाट्यांना परवान्याबिगर रावाला देनार नाय. येवढं सांगशील त सगली आगऱ्यांची मतं तुना. नायतर पंतांना."

हा परवाना मुळात पंतांच्या डोक्यातून निघालेला. पंत वाईट माणूस नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. दोन आगऱ्यांचे खटले त्यांनी फी न घेता चालवले होते. खारटणाला गोड्या पाण्याची विहीर एकच, वस्ती दुप्पट झालेली, पाणी गढूळ, आणि दोन वर्षांपूर्वी पटकीनं सात माणसं नेलेली. हे सगळं त्यांनी पत्रकात खरं तेच लिहिलं होतं. त्यावर त्यांचा उपाय असा, की दुष्काळानंतर आलेल्या प्रत्येकानं म्युनिसिपालटीचा परवाना घ्यावा, आणि ज्याला परवाना मिळणार नाही त्याचं घर उठवावं. विहीर दुसरी खणावी, असं मात्र त्या पत्रकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

"आनि तू काय बोललास?" बायजानं विचारलं.

"इचार करतो बोललो. आपलीच मानसं त्यांच्यासाठी कशी सोडू, बाय?"

बायजानं बावीस चिंचोके उचलले आणि अंगणात भिरकावले. कोंबड्या धावून आल्या, चोच मारून निघून गेल्या.

"आता मोज."

गोपीनाथानं मोजले. इकडे पन्नास, तिकडे अडतीस. दोनदा मोजले तरी तेवढेच. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, तशी बायजा म्हणाली, "शपथ घेतलीस त घाटी घरान बसतील आनि तू पडशील. शपथ नाय घेतलीस त आगरी पंतांकडं जातील आनि तू पडशील. वकिलानं दोनी दारं लावून घेतलीत रे."

"मंग करू काय?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. आणि एक गोष्ट तिनं भावाला सांगितली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ती विहिरीवर धवळा घोकत पाणी ओढत होती. घाटी वस्तीतल्या दौलतची बायको, लक्ष्मी, रिकामी घागर घेऊन मागं उभी होती. ती एकदम म्हणाली, "मावशी, मुंगी पैठण तुमाला कसं ठावं? माझं म्हायेर तितनं दोन कोसावर हाय. गंगंच्या काठाला." बायजानं फटकारलं होतं, "गान्यातला गाव गान्यान रातो. पानी भर नि जा." लक्ष्मी घागर भरून गेली. पण त्या दिवसापासून बायजा त्या ओळीशी आली की तिची जीभ जरा अडखळायची. तीस वर्षं ते नाव तिच्या लेखी नुसता सूर होता. आता त्या नावाला काठ आला होता, नदी आली होती, आणि तिथून आलेली एक बाई रोज विहिरीवर भेटत होती. तिला हे मुळीच आवडलं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी रघू स्वतः आला. चपला काढून ओट्यावर बसला, म्हणजे काम अवघड असणार हे बायजानं ओळखलं.

"बायजाबाय, उद्या पंत येनार हायत मांडवान. आमच्यासाठी त्यांनी कलेक्टरसायबाला अर्ज लिवलाय. आमी आगरी इथले मूलचे, पयल्यापासूनचे, आनि घाटी उपरे, असा. लगीन लागलं का सगल्यांनी मांडवानच अंगठे देवाचे."

"मंग देवा. मना काय सांगतंस?"

रघूनं मान खाजवली. "तुजा तो आल्या वाटेचा धवला हाय ना. त्यान आपून पैठनाशी आयलो असं येतं. पंत बसलेले, अर्ज समोर, आनि तू गाशील का आमी भायेरशी आयलो, त हसं होयेल. तेवढा उद्या सोड."

बायजाचा हात तांदळाच्या सुपावर थांबला. तीस वर्षांत तिला कोणी असं म्हणालं नव्हतं. एकदा एका माजलेल्या सावकारानं 'जरा आटप' म्हटलं होतं तर ती मांडवातून उठून घरी आली होती, आणि सावकाराला पालखी घेऊन तिच्या दारात यावं लागलं होतं.

"नाय सोडनार."

"त मी कलव्याच्या गंगुबाईला बोलावतो," रघू म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. भाच्याच्या लग्नाला दुसरी धवळारीण म्हणजे बायजाच्या तोंडाला काळं, आणि त्याच्या जयाच्या लग्नाला कायमचा बट्टा. दोघांनाही ते माहीत होतं. मग तो एकदम चिडून म्हणाला, "तुना गान्याची पडलीय. माज्या मानसांच्या पोटाची कोनाला? मिठागराचा मालक बोलतं, घाटी अर्ध्या मजुरीन मीठ ओढाची फली मारतान, तू कशाला पायजेस? औंदा माजे सहा गडी घरान बसलेत. मी त्यांना काय सांगू, पैठन?"

रघू खोटं बोलत नव्हता. तिच्या दोन दीरांची पोरं त्या सहांतच होती.

रघू गेला आणि दिवेलागणीला गोपीनाथ आला. तो तिच्या पायाशी बसला, लहानपणी बसायचा तसा. "बाय, माज्यासाठी सोड. पोराचं लगीन हाय. भांडान नको. तू ती वल म्हनू नको, येवढंच."

या भावाला तिनं कडेवर वाढवलं होतं. आई त्याच्या बाळंतपणात गेली तेव्हा बायजा अकरा वर्षांची होती. त्यानं आजवर तिच्याजवळ काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंही आणि मायेचंही.

"बरा," ती म्हणाली. "मी ती म्हननार नाय. शबूद दिला."

लग्नाच्या दिवशी मांडव माणसांनी फुलला. रघूनं हौस केली होती. आंब्याचे टाळे, केळीचे खांब, वाजंत्री थेट कल्याणची. पंतांसाठी खुर्ची मांडली होती आणि खुर्चीपुढच्या चौरंगावर अर्ज आणि शाईचं फडकं तयार. पंत पांढरं उपरणं सावरत सगळ्यांना नमस्कार करत होते. बायकांच्या घोळक्यात अग्रभागी रघूची म्हातारी आई बसली होती, गोदाआय. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, पण कान असे की कोणत्या सुनेनं बांगड्या बदलल्या ते सांगेल. मांडवाच्या बाहेर, पाण्याच्या पिंपांपाशी, घाटी वस्तीतली माणसं होती. पाणी भरायला, पत्रावळी उचलायला आली होती. त्यात दौलत होता आणि लक्ष्मीही.

नवरानवरी पाटावर उभी राहिली. मध्ये पडदा धरला. पडदा दूर होण्याआधी आल्या वाटेचा धवळा, ही रीत. बायजानं पदर डोक्यावर ओढला आणि आवाज लावला.

ती देवांना बोलावून झाली, खाडीला बोलावून झाली, आंब्याच्या आणि उंबराच्या झाडांना बोलावून झाली. तिचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की वाजंत्रीवाल्यांनी सनया मांडीवर ठेवल्या. मग ती ओळ आली.

बायजा थांबली.

लोकांना वाटलं, दम घेते आहे. ती दम घेत नव्हती. भावाला शब्द दिला होता की ती ओळ म्हणणार नाही, तर ती म्हणणार नव्हती. पण ओळ ओलांडून पुढं जाईन असा शब्द तिनं कोणालाही दिला नव्हता, आणि धवळारणीला तसं जाता येत नाही. रात्रभर कूस बदलत तिनं हेच पक्कं केलं होतं. ती पदर सावरून खाली बसली आणि हात मांडीवर ठेवले.

मांडवात कुजबुज सुरू झाली. पडदा धरणाऱ्या पोरांचे हात दुखायला लागले. आनंदा पडद्यावरून बापाकडं बघू लागला.

"बाय गो," गोदाआयनं हाक मारली, "आपून कुठशी आयलो ता रायला."

"मना म्हनाची मनाई हाय, गोदाआय," बायजा म्हणाली. मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली.

"मनाई? धवल्याला? कोनी केली?"

"तुज्या रघूला इचार."

म्हातारीनं मान वळवली. मुलगा कुठं उभा आहे ते तिला दिसत नव्हतं, पण तिनं बरोबर त्याच्याच दिशेला तोंड केलं. "रघ्या, तुज्या बापाच्या लग्नान यो धवला झाला. तुज्याही झाला. माज्या नातीचं लगीन तू अर्ध्यावर लावनार? पडदा असाच रावदे मंग. मना घाई नाय."

पंत रघूकडे बघत, तो जमिनीकडे. तेवढ्यात गोदाआयनं स्वतःच सूर काढला. सूर कसला, फुटकं मडकं वाजावं तसा आवाज, पण शब्द पक्के होते:

"मुंगी पैठनाशी निंगालो गो बाय, निंगालो…"

दुसऱ्या ओळीला तिच्या सुना आल्या. तिसरीला अख्खा बायकांचा घोळका. ज्यांनी आयुष्यभर फक्त ऐकलं होतं त्यांनाही सगळं येत होतं, आणि हे बायजाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"डोईवर चूल नि काखेला मूल, गो बाय, घाट उतरलो
खाऱ्या पान्याच्या कडेला, गो बाय, इसावलो
इथला धनी बोलला, कोन तुमी? आमी हात दावले."

बायजा बसल्या जागी रडत होती. तिनं एक अक्षर उच्चारलं नव्हतं आणि तिचा धवळा मांडवभर उभा होता. अभिमान म्हणतात तो हाच असेल तर आजवरचा तिचा अभिमान फारच लहान होता. मग तिला पिंपांपाशी उभी असलेली लक्ष्मी दिसली. पदर तोंडाशी धरलेला, डोळे विस्फारलेले. बायजानं तिला हातानं बोलावलं. लक्ष्मी जागची हलेना. बायजा उठली, मांडवाबाहेर गेली, आणि तिचा हात धरून तिला आत बायकांत आणून बसवलं.

"ही पैठनाकडची," ती सगळ्यांना म्हणाली. "दोन कोसावरची. मना तिनं विहिरीवर सांगितला, आनि मी तिला फटकारला. चूक माजी."

पडदा दूर झाला. अक्षता पडल्या. लग्न लागलं.

पण गाण्यानं पोट भरत नाही, आणि हे म्हणायला रघू चुकला नाही. जेवणं आटोपली तशी तो भर मांडवात उभा राहिला. "आयलो असू पैठनाशी. पन माज्या सहा गड्यांचा काय? गोपीनाथ, तू सांग. आज सांग."

सगळे गोपीनाथाकडं बघू लागले. अर्ज चौरंगावर तसाच होता. बायजानं भावाकडं पाहिलं आणि काहीच खूण केली नाही. हे त्याचं त्यालाच बोलायचं होतं.

"परवान्याची शपथ मी घेनार नाय," गोपीनाथ म्हणाला. त्याचा तो बांधावरचा आवाज सुरुवातीला चिरकला, मग लागला. "मालक आपल्याला घाटी दाखवतं नि घाट्यांना आपल्याला दाखवतं, आनि दोघांची मजुरी पाडतं. आज घाटी उठवलं त उद्या दुसरं आनील. दौलत, हिकडं ये."

दौलत हात पुसत आला. चाळिशीचा, वाळका, मान खाली.

"तू अर्ध्या मजुरीन फली का मारतंस?"

"मालक म्हनला, मंजूर नसंल तर घर मोड," दौलत म्हणाला. "घर माझं, पर जागा त्येची. काय करावं मानसानं? तुमी आमाला उठवनार नाय म्हनून सांगा, मंग आमी बी तुमच्यापरीस एक पै कमी घेनार न्हाई. घेतली तर तुमी आमाला हुसका."

गोदाआयनं हात पुढं केला. "त्याचा हात दे मना."

दौलतनं हात दिला. म्हातारीनं त्याच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. मिठाच्या पाण्यानं चिरलेला, भेगांनी भरलेला, कडक झालेला तळवा. तसले हात तिनं नवऱ्याचे पाहिले होते, मुलाचे पाहिले होते. तिनं तो तसाच धरून ठेवला आणि रघूला म्हणाली, "यानं हात दावला रे."

रघूनं चौरंगावरचं शाईचं फडकं उचलून बाजूला ठेवलं. पंत खुर्चीतून उठले, अर्जाची घडी केली आणि उपरण्यात ठेवली. जाताना ते बायजापाशी थांबले. "बायजाबाई, कोर्टात तुम्ही माझ्या विरुद्ध बाजूला नाही हे माझं नशीब," ते म्हणाले. "पण मत अजून पडायचं आहे."

"ता पडंल तवा बगू," बायजा म्हणाली.

मतदान सरकारी शाळेत होतं. आत मामलेदार, कारकून आणि दोन्ही उमेदवार. मतदारानं आत जायचं, यादीत नाव दाखवायचं, आणि ज्याला मत द्यायचं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. चोरून काही नाही. बायकांना आत मज्जाव होता. बायजा खिडकीखाली चौथऱ्यावर बसून राहिली, कान टवकारून. शेजारी लक्ष्मी बसली होती. गोदाआयला डोलीतून आणावं लागलं, कारण ती घरी राहायला तयारच नव्हती.

नौपाड्याची मतं आधी पडली. भराभर पडली, सगळी पंतांना. मग दौलत आत गेला.

"नाव?" कारकुनाचा आवाज आला.

"दौलत."

"राहणार?"

"खारटण."

"थांबा," पंतांचा आवाज. वकील शेवटी वकीलच. "यादीत मूळ गावाचा रकाना आहे, तो कोरा दिसतो. रीतीनं भरला जावा. कोण कुठला ते सरकारदरबारी नोंदलेलं असावं."

बायजानं लक्ष्मीचा हात घट्ट धरला. आत जाऊन, दहा माणसांसमोर, साहेबाच्या कारकुनाला 'मी परका' असं सांगायचं आणि मग मत द्यायचं. बावीसांतले निम्मे उंबऱ्यावरूनच परतले असते. शपथ नव्हती, परवाना नव्हता, एक नुसता रकाना होता.

मग दौलत हळू म्हणाला, "पैठणाकडचा."

"मत?"

"गोपीनाथ भोईर."

आणि त्याच्यामागं ओळीत उभा असलेला माणूस बोलला. तो आवाज बायजानं लगेच ओळखला. "माजापन रकाना भरा."

"तुमचा कशाला, रघुनाथराव?" कारकून म्हणाला. "तुम्ही इथलेच."

"नाय," रघू म्हणाला. "लिवा. नाव रघू. राहनार खारटण. मूल गाव मुंगी पैठन."

कारकून घुटमळला असावा, कारण मामलेदारांचा आवाज आला, "सांगतो आहे ते लिहा." बोरू कागदावर करकरला.

"मत?"

"गोपीनाथ भोईर."

त्याच्यामागचाही आगरीच होता. राहणार खारटण, मूळ गाव मुंगी पैठण. त्याच्यामागचा तोच, आणि त्याच्याही मागचा. कोणी ओरडून सांगितलं, कोणी खाकरून, एक जण तर ते नाव अर्धवट गात. अडतीसांतले तिघं पंतांनाच मत देऊन आले, पण गाव त्यांनीही तेच लिहवलं. ते चुकवणं त्यांना जमलं नाही. घाटी वस्तीतला एकही माणूस उंबऱ्यावरून परतला नाही. कारकून इतका सरावला, की शेवटी पंत स्वतःचं मत द्यायला उठले तेव्हा त्यांनाही त्यानं विचारलं, "मूळ गाव?" मग पंत मोठ्यानं हसले. "गुहागर," ते म्हणाले. "लिही बाबा, गुहागर. वीस वर्षं झाली येऊन."

संध्याकाळी मामलेदारांनी पायरीवर येऊन आकडा वाचला. गोपीनाथ सत्तावन्न, बाळाजीपंत त्रेपन्न. वाजंत्री वाजू लागली, रघूनं गोपीनाथाला खांद्यावर घेतलं, पोरांनी गुलाल उधळला. गोपीनाथ त्या गर्दीतून बहिणीला शोधत होता. ती अजून खिडकीखालीच होती. तो धावत आला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाय, आपून जिंकलो!"

"पयली विहीर खनायची," ती म्हणाली. "पत्रकान कोनी लिवली नव्हती ती."

मग ती उठली आणि खिडकीच्या गजांना धरून आत डोकावली. कारकून यादीवर वाळू टाकून शाई वाळवत होता. बायजाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी तिनं विचारलं, "भाऊ, मुंगी पैठन कटं लिवलाय, दावाल?"

कारकुनानं वैतागून बोट ठेवलं. मग बोट खाली सरकवलं, आणखी खाली, पान उलटलं, आणि पुढच्या पानावरही ठेवलं. तिच्या आत्याच्या सासूपासून आलेली, कधी कागदाला न शिवलेली ती ओळ सरकारच्या यादीत आगऱ्यांच्या अडतीस घरांपुढं लिहिलेली होती. गोदाआयनं डोलीतून विचारलं, "काय दिसतं गो बाय?"

"सगला धवला," बायजा म्हणाली. "एक वलपन गालली नाय."